बारा मिनिटांचा बधिरपणा

प्रश्न : माझे वय ६१. निवृत्त शिक्षक आहे. रक्तदाबाची गोळी गेली नऊ वर्षे घेतो, पण मधूनमधून ती चुकते. गेल्या सोमवारी सकाळी वर्तमानपत्र वाचत बसलो असताना डाव्या हाताची बोटे आणि ओठांचा डावा कोपरा एकाएकी बधिर झाला. दात काढताना भूल दिल्यावर ओठ जसा आपला वाटत नाही, तसे झाले. पान उलटता येत होते, पण बोटांना कागद लागत नव्हता. बाराएक मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. शुक्रवारी सदऱ्याचे बटण लावताना तेच पुन्हा झाले. या वेळी पाचसहा मिनिटे. नंतर घरी मोजलेला रक्तदाब १५०/९० होता. मधुमेह नाही. पत्नी म्हणते, लगेच दाखवा. एक स्नेही म्हणतात, मानेची शीर दबली असेल, उशी बदला. नेहमीच्या तपासणीची तारीख तीन आठवड्यांनी आहेच. तोवर थांबले तर चालेल का? आणि जे आता उरलेलेच नाही, ते डॉक्टरांना दाखवायचे तरी काय?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचून झाल्यावर पहिली गोष्ट केली ती संपादकांना गाठण्याची. त्यांच्याकरवी आपल्याला त्याच दुपारी निरोप पाठवला, की तीन आठवडे थांबायचे नाही, उद्याचीही वाट पाहायची नाही. मेंदूचा स्कॅन करण्याची सोय असलेल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पत्नीला बरोबर घेऊन आजच जायचे. सदरातले उत्तर लिहून, तपासून, छापून हाती पडेपर्यंत जे दिवस जातात, ते अशा पत्राला परवडणारे नसतात. तेव्हा खाली लिहीत आहे तो सल्ल्याचा उरलेला भाग आहे, म्हणजे इतकी घाई कशासाठी, याचा खुलासा. तो आपल्यासाठी तर आहेच, पण ज्यांना नेमके हेच झाले आणि ते ओसरल्यामुळे ज्यांनी पत्रही लिहिले नाही, अशा वाचकांसाठी अधिक आहे.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणार नाही. परंतु आपल्या वर्णनातल्या काही गोष्टी अशा आहेत की त्या ऐकताना कोणत्याही डॉक्टरच्या मनात एकच शंका प्रथम यावी. बधिरपणा एकाएकी आला. तो सकाळपासून हळूहळू वाढत गेला, असे आपण म्हणत नाही. तो शरीराच्या एकाच बाजूला होता. हात आणि ओठ एकाच वेळी बधिर झाले. काही मिनिटांत मागे काहीही न ठेवता तो गेला, आणि त्याच आठवड्यात तसाच, त्याच जागी परत आला. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थोडा वेळ तुटून पुन्हा सुरू झाला, तर असे घडते. वैद्यकात याला ट्रान्झियंट इस्केमिक अटॅक, थोडक्यात टीआयए, म्हणतात. बोलण्यात ‘मिनी स्ट्रोक’ किंवा ‘छोटा झटका’ हे शब्द चालतात. मला ते दोन्ही नापसंत आहेत, कारण ‘मिनी’ आणि ‘छोटा’ म्हटले की माणूस निर्धास्त होतो. त्यात छोटे असते ते फक्त घड्याळातले अंतर. त्यामागची कारणे मोठ्या झटक्याचीच असतात.

तो बधिरपणा गेला कसा, हे समजून घेण्याजोगे आहे, कारण आपला सारा दिलासा त्यावरच उभा आहे. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो, आणि अडीअडचणीसाठी साठा करून ठेवण्याची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाही. त्यामुळे एखाद्या धमनीत रक्ताची लहानशी गुठळी अडकली, की तिच्यापुढच्या पेशी काही सेकंदांतच काम थांबवतात. थांबवतात म्हणजे लगेच मरतात असे नव्हे. त्या मुक्या होतात. डाव्या हाताची खबर ठेवणाऱ्या पेशी मुक्या झाल्या, की हात जागेवर असूनही त्याला काही लागेनासे होते. गुठळ्या विरघळवणारी शरीराची स्वतःची एक यंत्रणा रक्तात असते. ती वेळेत कामाला लागली तर गुठळी फुटते, तुकडे पुढे वाहून जातात आणि पेशींना पुन्हा रक्त मिळते. कधी शेजारच्या धमन्यांच्या फांद्यांतून आडवाटेने रक्त येऊन वेळ निभावते. यातले काहीच घडले नाही तर त्या पेशी मरतात, आणि त्यालाच आपण पक्षाघात म्हणतो. सोमवारी जे टळले ते टळले. पण गुठळी जिथून आली ती जागा, मग ती मानेतल्या धमनीतला चरबीचा थर असो, अनियमित ठोके देणारे हृदय असो, की मेंदूच्या आतच अरुंद होत गेलेली एखादी बारीक वाहिनी असो, दुरुस्त झालेली नाही. शुक्रवारच्या प्रकारावरून तर तसेच मानावे लागते.

एके काळी लक्षणे २४ तासांच्या आत गेली तर टीआयए, न गेली तर पक्षाघात, अशी निव्वळ घड्याळावर बेतलेली व्याख्या होती. एमआरआय सर्रास होऊ लागल्यावर असे दिसून आले, की २४ तासांच्या आत पूर्ण बरे वाटलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांच्या मेंदूत ताजी इजा झालेली असते. म्हणून २००९ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग आणि पक्षाघातविषयक संघटनांनी ही व्याख्या बदलली आणि किती वेळ लागला याऐवजी मेंदूच्या ऊतीला इजा झाली की नाही, हा निकष धरला. ‘सगळे पूर्ववत झाले’ असे आपण लिहिता ते आपल्या जाणिवेपुरते खरे आहे. मेंदूपुरते ते खरे आहे की नाही, हे आपल्याला आतून कळू शकत नाही.

आता आपल्या स्नेह्यांच्या उशीबद्दल. ‘शीर’ हा आपल्या भाषेतला मोठा सोयीचा, आणि म्हणूनच मोठा घोटाळ्याचा शब्द आहे. रक्त वाहणाऱ्या नळीलाही आपण शीर म्हणतो, संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूलाही शीर म्हणतो, आणि पोटरीत गोळा आला तरी शिरेवर शीर चढलेली असते. त्यामुळे ‘शीर दबली’ या दोन शब्दांत कोणत्याही बधिरपणाची बोळवण करता येते. मानेतला मज्जातंतू खरोखर दबतो आणि त्याने हात बधिरही होतो, यात वाद नाही. पण मानेच्या मणक्यांमधून निघून हाताकडे जाणारे मज्जातंतू ओठाकडे जात नाहीत. ओठाची संवेदना वाहणारा मज्जातंतू निराळा आहे; तो कवटीच्या आत, मेंदूच्या बुंध्यापासून निघून चेहऱ्यावर पसरतो. तेव्हा मानेतली एखादी शीर दबून बोटे आणि ओठ एकाच क्षणी बधिर व्हावेत आणि एकदमच मोकळे व्हावेत, हे शरीराच्या रचनेत बसत नाही. हे दोन्ही धागे जिथे एकत्र येतात अशी जागा शोधायची, तर मेंदूतच जावे लागते.

मेंदूत मात्र हात आणि ओठ एकमेकांचे शेजारी आहेत. मेंदूच्या खोल मध्यभागी दोन्ही बाजूंना थॅलॅमस नावाचा, अंगठ्याच्या पेराएवढा भाग असतो. शरीराच्या विरुद्ध बाजूकडून येणारे स्पर्शाचे संदेश तिथे एकदा थांबून मग मेंदूच्या पृष्ठभागाकडे जातात. त्या थांब्यावर बोटांची जागा आणि ओठाच्या कोपऱ्याची जागा एकमेकींना इतकी लागून आहे, की तिथल्या एखाद्या बारीक धमनीचा पुरवठा तुटला तर बोटे आणि त्याच बाजूचा ओठाचा कोपरा एवढेच बधिर होते आणि मधला दंड, खांदा, मान सुटून जातात. ज्याला हे ठाऊक नाही त्याला ते विचित्र वाटते. एवढ्या अंतरावरच्या दोन जागा एकाच वेळी कशा बिघडतील, असे म्हणून तो दोन वेगळी कारणे शोधू लागतो. मेंदूच्या पृष्ठभागावरही हाच शेजार आहे. माँट्रियलचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून, शरीराचा कोणता भाग जाणवला हे विचारत. १९३७ मध्ये त्यांनी आणि एडविन बोल्ड्री यांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींत हाताची आणि तोंडाची जागा शेजारीशेजारी आहे, आणि पाठ किंवा मांडी यांच्या मानाने ती कितीतरी ऐसपैस आहे. आपण इतके सविस्तर लिहिले नसते, नुसतेच ‘हात बधिर झाला’ म्हणून थांबला असता, तर ओठाचा हा धागा हातून निसटला असता. म्हणून तो डॉक्टरांना आवर्जून सांगा.

‘बधिर’ या शब्दाचेही असेच आहे. ‘हात बधिर झाला’ असे सांगणाऱ्या रुग्णाला जरा खोदून विचारले, की त्यातून तीन निरनिराळ्या गोष्टी निघतात. कोणाला स्पर्श कळत नसतो. कोणाला मुंग्या येत असतात. आणि कोणाच्या हातातली ताकद गेलेली असते, ज्याला एरवी आपण हात जड पडला किंवा लुळा पडला असे म्हणतो. पहिल्या प्रकारात काहीतरी उणे होते, दुसऱ्यात नको असलेले काहीतरी जास्तीचे जाणवते. रक्तपुरवठा तुटल्यावर सहसा उणे होते. मात्र हा कल आहे, नियम नव्हे, आणि एकाएकी एका बाजूला आलेल्या मुंग्यांनाही या भरवशावर सोडून देऊ नये. आपल्या पत्रातली कागदाची गोष्ट पहिल्या प्रकारात चपखल बसते, कारण पान उलटण्याची हालचाल शाबूत होती आणि स्पर्श तेवढा गेला होता. बटणाचे मात्र स्पष्ट होत नाही. बोटांना बटण लागत नव्हते म्हणून अडचण आली, की बोटांत जोरच नव्हता म्हणून? ते शांतपणे आठवून पाहा. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

कोणताही बधिरपणा झाला की पक्षाघातच, असा अर्थ मात्र काढू नये. रात्री अंगठा आणि शेजारची दोन-अडीच बोटे बधिर होऊन जाग येते आणि हात झटकला की बरे वाटते, तेव्हा बहुधा मनगटातला मज्जातंतू दबलेला असतो. करंगळी आणि तिच्या शेजारचे अर्धे बोट बधिर होत असेल तर तसाच प्रकार कोपराशी असतो. दोन्ही पायांच्या तळव्यांपासून महिनोन्महिने हळूहळू वर चढणारा बधिरपणा मधुमेहाचा किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा असू शकतो. घाबरून जोरजोरात श्वास घेतल्याने दोन्ही हातांना आणि तोंडाभोवती सगळीकडून मुंग्या येतात. यातले काहीही दुर्लक्ष करण्याजोगे नाही, पण यासाठी मध्यरात्री धावपळ करावी लागत नाही.

खरी गल्लत होते ती अर्धशिशीत. काहींना डोके दुखण्यापूर्वी एका हाताला मुंग्या येतात, त्या बोटांपासून दंडाकडे आणि मग चेहऱ्याकडे सरकत जातात, आणि हा प्रवास सहसा पाच मिनिटांहून अधिक, कधी अर्धा तासही चालतो. जोडीला डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा येतात. अपस्माराच्या एका प्रकारात हाच प्रवास काही सेकंदांत होतो आणि सोबत झटके येतात. टीआयएमध्ये प्रवास बहुधा नसतो. जे बिघडायचे ते पहिल्याच क्षणी बिघडलेले असते. हे वाचून वाचकाने घरबसल्या स्वतःची विभागणी करावी, असा माझा उद्देश नाही. ज्यांना तरुणपणापासून अर्धशिशी आहे आणि ज्यांचे झटके एकमेकांसारखे असतात, त्यांची गोष्ट वेगळी. साठीत पहिल्यांदाच असे काही झाले, तर ते अर्धशिशीच्या खाती टाकण्याचा अधिकार तपासणीनंतर डॉक्टरांचा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर फार उतरली तरी हुबेहूब पक्षाघातासारखे चित्र दिसते, म्हणून त्यांची साखर तिथल्या तिथे मोजणे योग्य. पण मोजण्याचे यंत्र शोधण्यात रुग्णवाहिका बोलावण्याचा वेळ घालवू नये.

पक्षाघात ओळखण्यासाठी लोकांना शिकवली जाणारी एक साधी चाचणी आहे: हसायला सांगा आणि तोंड एका बाजूला ओढले जाते का पाहा, दोन्ही हात समोर उचलायला सांगा आणि एक खाली घसरतो का पाहा, एखादे वाक्य म्हणायला सांगा आणि जीभ अडखळते का पाहा. ती उत्तम आहे आणि घरातल्या प्रत्येकाला यायला हवी. तिची एक मर्यादा मात्र क्वचितच सांगितली जाते. ती ताकद आणि वाचा तपासते, स्पर्श तपासत नाही. आपण सोमवारी सकाळी ती करून पाहिली असती, तर बहुधा तिन्ही बाबतींत उत्तीर्ण झाला असता, आणि उशी बदलण्याचा सल्ला अधिकच पटला असता. चाचणीत दोष आढळला तर शंका पक्की होते. दोष आढळला नाही म्हणून एकाएकी आलेला एका बाजूचा बधिरपणा निर्दोष ठरत नाही. एका डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखा अंधार येऊन काही मिनिटांत जाणे, एकाएकी तोल जाणे किंवा एकाची दोन दिसणे, हीसुद्धा याच कुळातली लक्षणे असू शकतात आणि तीही या चाचणीतून निसटतात.

तीन आठवडे थांबले तर चालेल का, या आपल्या प्रश्नाला आकड्यांनीच उत्तर देता येते. तातडीच्या उपचारांची पद्धत रुजण्यापूर्वीच्या अभ्यासांत, टीआयए झालेल्या दर दहा जणांपैकी साधारण एकाला पुढच्या ९० दिवसांत पक्षाघात झालेला दिसतो, आणि त्यातले जवळजवळ निम्मे पहिल्या दोन दिवसांतच झालेले असतात. म्हणजे धोका तीन महिन्यांवर सारखा पसरलेला नसतो, तो सुरुवातीलाच दाटलेला असतो. ऑक्सफर्डमध्ये झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एक्सप्रेस’ या अभ्यासाने यापुढची गोष्ट दाखवली. तिथल्या दवाखान्यात आधीची काही वर्षे टीआयए किंवा सौम्य पक्षाघाताच्या रुग्णांना भेटीची वेळ दिली जाई आणि उपचारांची शिफारस त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना कळवली जाई. तपासणीला साधारण तीन दिवस लागत आणि पहिले औषध लिहून मिळायला साधारण २० दिवस. मग पद्धत बदलली: वेळ न घेता थेट या, आणि औषध त्याच दिवशी इथेच सुरू. औषधे नवी नव्हती, ती लवकर मिळू लागली एवढेच. ९० दिवसांत पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आले. आपली तारीख तीन आठवड्यांनी आहे, हे वाचताना मला तो २० दिवसांचा आकडा आठवला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नुसता बधिरपणा असेल तर हात लुळा पडण्याच्या किंवा वाचा जाण्याच्या मानाने पुढचा धोका सरासरीने कमी असतो. धोका मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध गुणपद्धतीत वय ६० किंवा अधिक असल्यास १, रक्तदाब १४०/९० किंवा अधिक असल्यास १, लक्षण दहा मिनिटे ते तासाभराच्या आत टिकल्यास १, मधुमेह असल्यास १, एका बाजूची ताकद गेल्यास २ वगैरे असे गुण मिळतात. नुसत्या बधिरपणाला शून्य. या हिशेबाने आपले ३ गुण होतात, म्हणजे सातांपैकी तीन, आणि कागदावर आपण कमी धोक्याच्या गटात बसता. बटण लावताना बोटांत खरोखर जोर नव्हता असे ठरले, तर गुण आणखी वाढतात. दुसरे असे, की या गुणपद्धतीला झटका किती वेळा आला हे विचारायचे ठाऊकच नाही. आठवड्यात दोन झटके येणे ही वेगळी आणि अधिक निकडीची परिस्थिती मानली जाते. गुणांच्या भरवशावर कोणाला तातडीने पाहायचे आणि कोणाला थांबवायचे हे ठरवू नये, अशी सूचना ब्रिटनच्या मार्गदर्शक तत्त्वांत २०१९ पासून आहे, आणि माझेही मत तेच आहे.

रुग्णालयात काय होईल याची कल्पना असली की जाणे सोपे होते. मेंदूचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय होईल. मानेतल्या आणि डोक्यातल्या धमन्या डॉप्लर किंवा अँजिओग्राफीने पाहिल्या जातील. लक्षणे डाव्या बाजूची असल्यामुळे उजव्या मेंदूकडे जाणाऱ्या उजव्या कॅरोटिड धमनीकडे विशेष लक्ष राहील. ती ७० टक्के किंवा त्याहून अधिक अरुंद आढळली तर ती शस्त्रक्रियेने मोकळी करण्याचा विचार होतो, आणि त्याचा सर्वाधिक लाभ पहिल्या दोन आठवड्यांत मिळतो. ईसीजी काढला जाईल. एट्रियल फिब्रिलेशन या अनियमित ठोक्यांच्या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, पण तो विकार येतो-जातो; म्हणून एक ईसीजी चांगला आला तरी एक किंवा अधिक दिवस ठोके नोंदवणारे यंत्र लावायला सांगितले, तर कंटाळा करू नका. रक्तात साखर, कोलेस्टेरॉल वगैरे तपासले जाईल. रक्तस्राव नाही आणि हृदयाचे कारणही नाही असे दिसल्यास, धोका अधिक असलेल्या रुग्णांना गुठळी होऊ न देणारी दोन औषधे सुरुवातीचे साधारण तीन आठवडे आणि पुढे त्यांतले एक, असा उपचार अलीकडे रूढ झाला आहे. ठोके अनियमित असतील तर औषध वेगळ्या गटातले असते.

यावरून कोणी ‘मग ॲस्पिरिन घरातच घेऊन टाकतो’ असे म्हणेल, म्हणून स्पष्ट सांगतो: स्वतःहून घेऊ नका. मेंदूत रक्तस्राव झाला तरीही कधी कधी हेच चित्र दिसते, आणि बाहेरून पाहून गुठळी की रक्तस्राव हे ओळखता येत नाही. स्कॅन त्यासाठीच असतो. ॲस्पिरिन द्यायचे की नाही आणि केव्हा, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचे.

तपासणीपूर्वी किंवा नंतरही पुन्हा झटका आला तर पहिल्यांदा घड्याळ पाहा आणि वेळ लिहून ठेवा. झोपेतून उठताना जाणवला असेल तर शेवटी ठीक कधी होता ती वेळ लिहा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन नेहमीच्या नियमानुसार पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि हा हिशेब शेवटच्या चांगल्या क्षणापासून सुरू होतो. मोठी धमनी बंद झाली असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ मधला एक अंदाज आहे. त्यामुळे झोपून पाहू, हात चोळून पाहू, ओसरते का पाहू, यांपैकी काहीही पाहायचे नाही, रुग्णवाहिका बोलवायची. स्वतः गाडी चालवायची नाही. रक्तदाब वाढलेला दिसला तरी जादा गोळी घ्यायची नाही, कारण अशा वेळी तो घाईने उतरवल्यास मेंदूचा उरलासुरला पुरवठाही कमी होऊ शकतो. गिळण्यावर परिणाम झाला असण्याची शक्यता असते, म्हणून तोंडावाटे पाणीही नको. आणि वाटेत सगळे ओसरले, तर परत फिरायचे नाही. हे शेवटचे वाक्य अनावश्यक वाटेल, पण अर्ध्या वाटेवरून घरी परतलेली माणसे दुसऱ्या दिवशी आणली जातात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

गोळी चुकते, असे आपण सहज लिहून गेला आहात. पक्षाघाताच्या टाळता येण्याजोग्या कारणांत उच्च रक्तदाब पहिल्या क्रमांकावर आहे, तेव्हा ती का चुकते, विसरल्याने की काही त्रास होतो म्हणून, हे डॉक्टरांना खरे सांगा. तंबाखू किंवा धूम्रपान असल्यास तेही लपवू नका.

राहिला आपला शेवटचा प्रश्न: जे उरलेलेच नाही ते दाखवायचे काय? टीआयएचा रुग्ण तपासणीच्या वेळी बहुतेकदा धडधाकट असतो. हाताची ताकद चांगली, स्पर्श चांगला, आणि पुष्कळदा स्कॅनही स्वच्छ. स्वच्छ स्कॅन आला म्हणून टीआयए झाला नव्हता असे ठरत नाही. निदान मुख्यतः रुग्णाच्या आणि पाहणाऱ्याच्या सांगण्यावरच उभे असते. तेव्हा दाखवायचा आहे तो वृत्तान्त. एका कागदावर दोन्ही दिवसांच्या वेळा लिहा, किती मिनिटे ते लिहा, हात आणि ओठ आधी-नंतर की एकदम, ते लिहा. घरी मोजलेला रक्तदाब लिहा आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर ठेवा. पत्नीला बरोबर न्यायला सांगितले ते केवळ सोबतीसाठी नव्हे. त्या बारा मिनिटांत आपला चेहरा आपल्याला दिसत नव्हता, त्या समोर असतील तर त्यांना दिसला असेल. ओठ ओघळला होता का, बोलणे जाड येत होते का, हे त्याच सांगू शकतील. रुग्णालयाच्या दारातल्या टेबलावर नाव विचारतील तेव्हा पहिले वाक्य असे असू द्या: ‘एका आठवड्यात दोनदा, एकाएकी, डावा हात आणि ओठ बधिर झाले, टीआयएची शंका आहे.’ ‘आता काही नाही’ हे सांगायचेच असेल, तर ते सगळ्यांत शेवटी सांगा.